मंद दिव्याचा सूक्ष्मदर्शक

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो, आणि आज मला बोलल्यावाचून राहवत नाही! हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत मी वीसेक वर्षांपूर्वी लाकडी खोक्यातून आलो. तेव्हा माझ्यासमोर रांग लागायची. "सरका, आता माझी पाळी," असे वादही व्हायचे.

मग शेजारच्या खोलीत झगझगीत लेसरचं नवं यंत्र आलं. माझ्यावर प्लास्टिकचं आवरण पडलं, दमट हवेनं भिंगावर बुरशी धरली आणि एक दिवस मोडीत काढायच्या सामानाच्या यादीत माझं नाव चढलं. मला फार वाईट वाटलं. पण सांगणार कुणाला?

आमच्या प्रयोगशाळेत डॉ. निशिगंधा काम करतात. बरकतपुऱ्यातलं त्यांचं घर तीन पिढ्या मास्तरकी करणारं. त्यांना एकच प्रश्न पडला होता. पेशीला ना तोंड, ना जीभ. मग आजूबाजूला अन्न आहे की नाही, हे तिला कळतं कसं? अन्न असेल तर तिनं वाढायचं, नसेल तर थांबायचं. यात गफलत झाली की रोग.

त्यांचा अंदाज असा होता की, अन्न मिळताच एक विशिष्ट प्रथिन लयकारिकांकडे धावतं. लयकारिका म्हणजे पेशीतल्या जुन्या मालाचे तुकडे करणाऱ्या इवल्या पिशव्या. बाईंनी त्या प्रथिनाला हिरवी चमक जोडली, पेशी उपाशी ठेवल्या, मग अन्न दिलं. पण नव्या यंत्राखाली तीन महिने प्रथिन जागचं हललं नाही.

"सोमवारच्या बैठकीत हा विषय बंद करू," विभागप्रमुख म्हणाले.

बाई माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. तिथे हिम्मतराव काचा पुसत होते. ते आमचे तंत्रज्ञ. तरुणपणी शहरातल्या कोठी भागात कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात हात तयार झालेला.

"हिम्मतराव, एक शंका मनातून जात नाही. उपाशी पेशींवर आपण एवढा प्रखर उजेड टाकतो. त्यानंच त्या बिथरत असतील तर?"

"हौ मॅडम! उपाशी माणसाच्या तोंडावर टॉर्च मारला, तर तो जेवंल का पळंल?" हिम्मतराव हसले. मग त्यांची नजर माझ्यावर गेली. "मंद दिव्याचं यंत्र हाय की हे. मोडीत नक्को काढू. दोन दिवस द्या मला."

मित्रांनो, ते दोन दिवस! त्यांनी माझी भिंगं एकेक करून उतरवली, बुरशी हळूच पुसली, अडकलेला स्क्रू तेल घालून सैल केला. मला पुन्हा स्वच्छ दिसू लागलं.

शुक्रवारी सकाळी बाईंनी उपाशी पेशींची डिश माझ्याखाली ठेवली. हिरवी चमक सगळीकडे धुक्यासारखी पसरलेली. त्यांनी अमिनो आम्लाचे, म्हणजे पेशीच्या अन्नाचे, दोन थेंब सोडले. एक मिनिट गेलं. तीन मिनिटं. बाईंच्या पापण्या माझ्या नेत्रभिंगाला घासत होत्या. आणि मग धुकं आकसलं! इथे एक ठिपका, तिथे दुसरा, बघता बघता प्रत्येक लयकारिकेभोवती हिरवं कडं!

"आलं! हिम्मतराव, आलं!" बाई ओरडल्या.

"मला बघू द्या, मला!" हिम्मतराव डोळा लावून म्हणाले, "अरे बाप रे, दिवाळीच हाय की ही!"

पण बाई लगेच गंभीर झाल्या. "मला जे हवं, तेच मला दिसत असेल. परीक्षा घ्या माझी. सहा डिश. कुठे अन्न घातलं, कुठे नुसतं पाणी, ते चिठ्ठीवर लिहा आणि खिशात ठेवा."

मी माझा मंद दिवा स्थिर धरला. बाई एकेक डिश बघून सांगत गेल्या: "अन्न. पाणी. पाणी. अन्न..." शेवटी हिम्मतरावांनी चिठ्ठी उघडली, ओठ हलवत दोनदा वाचली.

"सहाच्या सहा बरोबर, मॅडम!"

सोमवारी विभागप्रमुख स्वतः माझ्यावर वाकले. बराच वेळ वर बघेनात. मग एवढंच म्हणाले, "पुन्हा दाखवा." प्रयोग पुन्हा झाला, तिसऱ्यांदा झाला. विषय बंद झाला नाही आणि यादीतून माझं नाव गेलं. आता बाईंना नवा प्रश्न पडलाय: अन्न संपलं, हे पेशीला आधी कोण सांगतं? रोज सकाळी डिश येतात आणि मला दम घ्यायला फुरसत नाही!

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कपाटातही माझा एखादा भाऊबंद बसला असेल. त्याला बाहेर काढा. भिंगाला बोट लावू नका, काम झालं की दिवा बंद करा, कोरडं आवरण घाला. पण नुसतं जपून ठेवू नका बरं. त्याच्याखाली कांद्याचा पापुद्रा ठेवा, डबक्यातल्या पाण्याचा थेंब ठेवा, काहीतरी विचारा त्याला. आणि हे उद्यावर टाकू नका. बुरशीला सुट्टी नसते.