सहा संगणक आणि सकाळचा चहा

वाचकहो, खरे सांगा, तुमच्या कचेरीतला संगणक सकाळी सुरू होईपर्यंत शेजारच्या टेबलाशी किती गप्पा होतात? ज्या केंद्राची ही गोष्ट आहे, तिथे तर या वेळाला नावच पडले होते. 'संगणकाचा चहा' म्हणत त्याला.

केंद्र होते अर्धांगवायूच्या झटक्यात वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवण्याचे. इमारतीचा तळमजला, चाकाच्या खुर्चीसाठी कठड्याचा उतार, आत एक लांब खोली आणि भिंतीला लागून सहा संगणक. त्यांवर शब्द ओळखण्याचे, नाव ऐकून चित्र दाखवण्याचे धडे असत. सकाळी जो पहिला येई, तो सहाही बटणे दाबून चहाचे आधण ठेवी. पडद्यावर चक्र गरगरत राही, आतून कुरकुर ऐकू येई आणि तोवर सगळे मधल्या टेबलाभोवती जमत. चहा पिऊन कप विसळून झाले, तरी एखादा संगणक अजून विचारातच असे.

या चहाला ड्रायव्हरकाका कधी चुकत नसत. जन्मभर त्यांनी बस चालवली होती. आता त्यांना समोरच्याचे सगळे कळे, पण शब्द मनातून निघून जिभेपर्यंत येताना वाटेतच हरवे. कुणीतरी विचारी, "काका, साखर?" काका डोळे मिटून जोर लावत आणि "दे" म्हणत. म्हणायचे असे "नको". मग गोड चहाचा घोट घेऊन स्वतःच खो खो हसत. त्यांची बायको शेजारी बसून तो कप बदलून देई.

काकांना शिकवणाऱ्या बाईंना सगळे बोलबाई म्हणत. त्या रोज येत. एकेका शब्दासाठी महिना लागला तरी त्यांचा आवाज चढत नसे. गेल्या काही दिवसांत काकांना बायकोचे नाव घेता येऊ लागले होते. ते पहिल्यांदा आले, त्या दिवशी ती बिचारी उतारावर जाऊन रडून आली होती.

आता केंद्राच्या प्रमुखांची ओळख करून घेऊ. माणूस सज्जन, कामाला वाघ, पण नव्याचा भारी सोस. नवा फोन निघाला की यांच्या खिशात, आणि नव्या खुर्चीवरचे प्लॅस्टिक फाटेपर्यंत काढायचे नाही. त्यामुळे त्यांचे नाव नवेसाहेब पडले होते, आणि ते कानावर आले की त्यांना रागही येत नसे.

एके सकाळी सहाही पडद्यांवर एकच सूचना झळकली. ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती आली आहे, हा संगणक तिच्यासाठी पात्र नाही, आणि जुन्या आवृत्तीला यापुढे सुरक्षेची दुरुस्ती मिळणार नाही. नवेसाहेबांनी संगणक विकणाऱ्याला बोलावले. त्याने पाठीमागे हात बांधून एक फेरी मारली आणि सांगितले की साहेब, हे सगळे आता भंगार. विकणारा याहून वेगळे काय सांगणार! पण नवेसाहेबांच्या मनातलेच तो बोलला होता.

अडचण एवढीच होती की देणगीच्या पैशात एकच गोष्ट बसत होती. एकतर नवे संगणक, नाहीतर बोलबाईंचे रोज येणे. नवेसाहेबांनी संगणक निवडले. बोलबाई पुढच्या महिन्यापासून आठवड्यातून एकदाच येणार, असे ठरले. बाईंनी मान खाली घालून ऐकून घेतले आणि दुसरीकडे काम शोधावे लागेल एवढेच म्हणाल्या. ड्रायव्हरकाकांच्या बायकोला नवेसाहेबांनी स्वतः समजावले, की नवी यंत्रे आली की धडे कसे भराभर होतील.

ती काकांच्या शर्टाचे बटण लावत होती. हात न थांबवता म्हणाली, "साहेब, यांना संगणक नाही शिकवत. बाई शिकवतात."

हे वाक्य नवेसाहेबांच्या मनातून जाईना. घरी जेवताना बायकोने काय झाले म्हणून दोनदा विचारले, तेव्हा सगळे सांगितले. सांगता सांगता स्वतःचीच समजूत घालत होते, की माझा नाइलाज आहे, कंपनीनेच हात वर केले तर मी काय करणार?

टेबलाच्या टोकाला सासूबाई बसल्या होत्या. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये यंत्रविभागाच्या प्रमुख होत्या. निवृत्त झाल्या, पण हातातला स्क्रूड्रायव्हर काही निवृत्त झाला नाही. मुलीकडे राहायला आल्यापासून घरातले मिक्सर आणि पंखे त्यांना वचकून असत. त्यांनी आपला लॅपटॉप पुढे ओढला आणि उघडला. तो नात पहिलीत होती तेव्हाचा, आणि नात आता कॉलेजात. जावयाने पाण्याचा पेला तोंडाला लावून खाली ठेवला, तेवढ्यात लॅपटॉप कामाला तयार!

"हा नवीन घेतलात?" नवेसाहेबांनी विचारले.

"छे. याच्या पोटातली जुनी डिस्क काढून एसएसडी घातली." सासूबाई म्हणाल्या. "जावईबापू, तुमच्या संगणकांत एक तबकडी फिरते. तिच्यावरची माहिती शोधत एक बारीकशी सुई हिंडते. म्हणून ती कुरकुर आणि म्हणून तो उशीर. एसएसडीत फिरणारं काही नाहीच. पत्त्यांच्या कॅटापेक्षा पातळ वडी असते. दुखणं त्या तबकडीचं, आणि तुम्ही अख्खं मशीन फेकताय. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!"

नवेसाहेबांनी तो पात्र नसल्याचा संदेश पुढे केला. तिथे तरी आपले घोडे पुढे जाईल, असे त्यांना वाटले.

"तो संदेश खरा आहे," सासूबाई म्हणाल्या, "आणि त्याकडे काणाडोळा करायचा नाही. दुरुस्ती न मिळणारी सिस्टीम म्हणजे कडी नसलेलं दार. पण कंपनीनं हात काढून घेतला म्हणजे मशीननं मान टाकली, असं कुठं असतं? माझ्या या लॅपटॉपवर मी कंपनीचीच नवी आवृत्ती थोड्या उचापती करून बसवलीय. ती उद्या अडेलही. अडली तर माझं एकटीचं अडेल. तुमच्याकडे आजारी माणसांची माहिती आहे, तिथं उचापती नकोत. तिथं दुसरी सिस्टीम घाला. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेल्या, फुकट मिळणाऱ्या सिस्टीम असतात. त्या जुन्या मशीनला नाक मुरडत नाहीत, आणि त्यांना दुरुस्तीही वेळच्या वेळी मिळते."

"म्हणजे जुनं ते सोनं, असंच ना?" जावयाने जरा टोचून विचारले.

"मुळीच नाही. जुनं ते सोनं म्हणणारे घराचं गोदाम करतात. जे चालतं ते नीट चालवावं, आणि जे खरंच संपलं ते योग्य जागी मोडीत द्यावं. मात्र ते संपलं की नाही, हे आधी झाकण उघडून बघावं. विकणाऱ्याला विचारू नये."

नवेसाहेबांना राग आला. खरे म्हणजे राग आला तो आपण झाकण उघडून पाहिले नव्हते याचा, पण माणूस तसे कबूल करतो थोडेच!

"मग उद्या येऊन उघडून दाखवाच," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सासूबाई केंद्रात हजर. त्यांनी हात लावण्याआधी एकच हुकूम सोडला, की प्रत्येक संगणकातली माहिती आधी वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्या. ते झाल्यावर एका पेनड्राइव्हवरून नवी सिस्टीम नुसती चालवून पाहिली. संगणकात काहीही न बदलता ती पाहता येते, हे नवेसाहेबांना तेव्हाच कळले. शब्दांचे धडे उघडले, आवाज आला, छपाईयंत्रानेही कागद दिला. मग कुठे त्यांनी झाकण उघडले, तबकडी काढली, किरकोळ खर्चातून आणलेली एसएसडी बसवली आणि बटण दाबले.

पडदा काळाच राहिला.

नवेसाहेबांनी भुवया उंचावून बायकोच्या आईकडे पाहिले आणि त्यात सगळे आले. गंमत अशी, की त्यांना आनंद मात्र झाला नाही. काकांची बायको दारातून पाहत होती. हे मशीन सुरू व्हावे, असे त्यांना त्या क्षणी जितके वाटले, तितके आजवर कुठल्याही नव्या वस्तूबद्दल वाटले नव्हते.

सासूबाईंनी शांतपणे झाकण पुन्हा उघडले. एक वायर अर्धवट बसली होती. अंगठ्याने दाबून त्यांनी ती पक्की केली. "चूक माझी," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा बटण दाबले. या वेळी सिस्टीम बसवायला सुरुवात झाली. ती बसवून झाल्यावर संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, तर कुणी चहाचे भांडे शोधेपर्यंत तो धडा उघडून तयार होता!

आठवडाभरात पाच संगणक असे मार्गी लागले. सहाव्याचा मुख्य बोर्डच त्या आठवड्यात जळाला. सासूबाईंनी त्याची कामाची अंगे काढून घेतली आणि बाकीचे मोडीत, विजेच्या वस्तू घेणाऱ्यांकडे पाठवले. कचऱ्याच्या डब्यात नाही. पाचांत काम सहज भागत होते. नवेसाहेबांनी संचालकांपुढे उभे राहून सांगितले, की माझा आधीचा निर्णय चुकला, देणगी बोलबाईंसाठी ठेवा. सांगताना कान लाल झाले होते, पण आवाज कापला नाही. बोलबाईंचे रोजचे येणे कायम राहिले.

गोष्ट इथेच संपायला हरकत नव्हती. पण नवेसाहेबांना आता वेगाचीच नवलाई वाटू लागली. संगणक चटकन सुरू होतात, मग टेबलाभोवती जमायचे कशाला? त्यांनी संगणकाचा चहा बंद केला. ज्याला हवा त्याने आपल्या जागी प्यावा आणि आल्याबरोबर धड्याला बसावे. पहिले काही दिवस काम झपाट्याने झाले आणि नवेसाहेब खूश होते.

मग बोलबाई त्यांच्या खोलीत आल्या. त्यांच्या कपाळावर आठी होती. ड्रायव्हरकाका धड्यांत बरोबर चित्रावर बोट ठेवतात, त्या म्हणाल्या, पण आठवड्याभरात त्यांनी तोंडातून शब्द काढलेला नाही. बायकोचे नावही नाही.

"यंत्र बिघडलं का?" नवेसाहेबांनी विचारले.

"यंत्र उत्तम चाललंय, साहेब. पण त्याला काकांनी काही सांगावं लागत नाही, नुसतं दाखवलं तरी चालतं. चहाच्या वेळी त्यांना सांगावं लागायचं. चुकलं तर गोड चहा प्यावा लागायचा."

नवेसाहेब खिडकीपाशी गेले. लांब खोलीत सगळे आपापल्या पडद्याकडे तोंड करून बसले होते. मधले टेबल रिकामे होते. ड्रायव्हरकाकांची बायको एका कडेला पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिच्याशी बोलायला कुणी नव्हते. ज्यांच्यासाठी आपण सगळा खटाटोप केला, त्यांचेच बोलणे आपण बंद केले, हे त्यांना तेव्हा उमगले. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

घरी त्यांनी हे सांगितले, तेव्हा सासूबाई टोचून बोलतील असेच त्यांना वाटले होते. त्या बोलल्या, पण हळूच. "जावईबापू, वाचलेला वेळ डब्यात भरून ठेवता येत नाही. तो कुणाला तरी द्यावाच लागतो. तुम्ही तो परत संगणकालाच दिलात."

मित्रांनो, आपल्यालाही हेच लागू आहे. जी वस्तू अजून काम देऊ शकते, तिला कुणीतरी भंगार म्हटले म्हणून उकिरडा दाखवू नये. आधी झाकण उघडावे, जाणत्याला विचारावे, जेवढे बिघडले तेवढेच बदलावे. दार मात्र उघडे टाकू नये, सुरक्षा सांभाळावी. आणि त्यातून जे वाचेल, मग तो पैसा असो वा वेळ, ते माणसांच्या पदरात पडते आहे ना, हे पाहावे. नाहीतर नवे काय आणि जुने काय, दोन्ही यंत्रेच!

दुसऱ्या सकाळी नवेसाहेब सगळ्यांच्या आधी केंद्रात आले. संगणकांना हात न लावता त्यांनी आधण ठेवले आणि मधल्या टेबलावर कप मांडले. माणसे येऊ लागली, तशी जरा बिचकून टेबलाशी थांबू लागली. ड्रायव्हरकाका बायकोचा हात धरून उतार चढून आले. सवयीने ते आपल्या संगणकाकडे वळले. बोलबाई त्यांच्यासाठी बटण दाबायला वाकल्याच होत्या.

काका थांबले. त्यांना चहाचा वास आला असावा. त्यांनी टेबलाकडे पाहिले, मग बाईंचा हात बटणावरून बाजूला केला. डोळे मिटले. मानेच्या शिरा ताणल्या.

"आधी," काका म्हणाले. सगळे थांबले. "आधी चहा."

नवेसाहेबांनी कप भरला, साखरेचा डबा उघडला आणि तसाच हातात धरून ते काकांच्या तोंडाकडे पाहत उभे राहिले. संगणक बंदच होते आणि घाई कुणालाच नव्हती.