कैफियतीचा रकाना

आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथच्या तहसील कचेरीत नागेशनं बत्तीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलं. निजामाच्या काळातले जमिनीचे कागद उर्दूत, तेही कारकुनांच्या घाईच्या शिकस्ता अक्षरात. शब्द एकमेकांत अडकलेले, नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, गायब. नोकरीला लागला तेव्हा बापूजी नावाच्या म्हाताऱ्या मुन्शीनं त्याला दोन वर्षं समोर बसवून ते अक्षर वाचायला शिकवलं होतं. पुढं तालुक्यात ते वाचणारा तो एकटाच उरला. निवृत्तीनंतरही बाजारहत्नूर, नेरडीगोंड्याकडचे लोक कागदांच्या सुरळ्या घेऊन घरी यायचे, आणि नागेश चष्मा चढवून त्यांच्या पणजोबांची नावं वाचून दाखवायचा.

या जानेवारीत त्याला औरंगाबादहून जावयाचा फोन आला. हर्षदीप तिथं स्टेशनजवळच्या जुन्या रेल्वे हॉटेलच्या ऑफिसात होता. निजामाच्या रेल्वेनं बांधलेलं ते हॉटेल आता खाजगी मालकाकडं होतं, आणि डागडुजी करताना माळ्यावर एक जाडजूड उर्दू रजिस्टर सापडलं होतं.

"बाबा, इथं उर्दू वाचणारे गल्लोगल्ली आहेत, पण हे अक्षर कोणालाच लागत नाही," हर्षदीप म्हणाला. "आमच्या मॅनेजर मॅडम म्हणतात, तुम्ही अन् आई चार दिवस हॉटेलातच पाहुणे म्हणून राहा."

नागेशच्या बायकोला, विठाबाईला, ते पटेना. "हॉटेलात काऊन राहाचं? प्रगतीचं घर हाय ना तिथं."

"लेकीच्या घरी तर नेहमीच राह्यतो," नागेश म्हणाला.

आदिलाबादहून रात्रीची गाडी धरून ते सकाळी उतरले. हॉटेलला पांढरे जाड खांब होते, पुढं लांब व्हरांडा होता, आणि खोलीचं छत इतकं उंच की विठाबाई बराच वेळ मान वर करून पाहतच राहिली. न्हाणीघरात सिंहाच्या पायांचा टब होता. लग्नाआधी लोकांच्या वावरात निंदण-वेचणी केलेल्या विठाबाईनं त्याच्या काठावर हात फिरवला, बादली भरली आणि टबाबाहेर बसून आंघोळ केली. दुपारी प्रगतीनं दोघांना पाणचक्की दाखवली, दोन-तीन जुने दरवाजे दाखवले. विठाबाईला पाणचक्कीच्या हौदातले मासे सगळ्यात जास्त आवडले.

दुसऱ्या दिवशी नागेश रजिस्टर घेऊन बसला. हॉटेलच्या व्यवस्थापक रंजीता मॅडम समोरच होत्या. इथं उतरलेल्या नवाबांची, राजांची नावं मिळाली तर चौकटी करून दिवाणखान्यात लावायच्या, असा त्यांचा बेत होता.

नागेशनं दहा-बारा पानं उलटली. "मॅडम, यात पाहुणे नाहीत. हे नोकरांचं रजिस्टर आहे. नाव, बापाचं नाव, गाव, काम. शेवटचा रकाना कैफियतीचा. म्हणजे त्या माणसाबद्दल जे काही लिहायचं ते."

"एकही पाहुणा नाही?"

"नाही. भिश्ती आहेत, धोबी आहेत, खानसामे आहेत."

मॅडमचा चेहरा उतरला, पण त्या चांगलंच बोलल्या. "असू द्या. आलाच आहात तर दोन दिवस आराम करा."

संध्याकाळी नागेश आणि विठाबाई व्हरांड्यात बसले असताना बंडू चहा घेऊन आला. जेवणघरात वाढणारा हा माणूस अठ्ठावन्न वर्षांचा होता, पांढऱ्या कोटातला, मोजकंच बोलणारा. चहा ठेवून तो तिथंच घुटमळला.

"साहेब, त्या पुस्तकात एक नाव बघाल का? चंपत. बापाचं नाव राघो."

"कोण हे?"

बंडूनं मागं वळून पाहिलं. "माझे आजोबा. इथंच टेबलावर वाढायचे. एका गोऱ्या साहेबाचं सोन्याचं घड्याळ गेलं आणि आळ त्यांच्यावर आला. काढून टाकलं. मग जालन्याला जिनिंगमध्ये गाठी उचलत बसले, तिथंच गेले. आमच्या घराला लोक घड्याळवाले म्हणायचे. मी इथं लागलो तेव्हा कोणाचा नातू हे कोणाला सांगितलं नाही. छत्तीस वर्षं झाली."

"मग इथंच काऊन लागले तुमी?" विठाबाईनं विचारलं.

"दुसरीकडं कुठं काम मिळत नव्हतं, बाई."

नागेशनं चहा तसाच ठेवला आणि रजिस्टर आणायला उठला. त्या संध्याकाळी काही हाती लागलं नाही. दुसऱ्या दिवशी न्याहारी झाल्यावर तो पुन्हा बसला. विठाबाई शेजारी बसून वाचलेल्या पानांमध्ये कागदाच्या पट्ट्या घालत होती. सकाळी अकराच्या सुमारास त्याचं बोट थांबलं.

"सापडला का?"

"सापडला. चंपत वल्द राघो. फसली तेराशे एक्कावन्न, म्हणजे एकोणीसशे एक्केचाळीस-बेचाळीस." नागेश थांबून पुन्हा पानाशी वाकला. रकाना पहिल्या ओळीवर संपत नव्हता. वेगळ्या शाईनं, बारीक अक्षरात, समासात आडवं काहीतरी लिहिलेलं होतं. त्यानं पान खिडकीकडं वळवलं, दोनदा वाचलं. मग म्हणाला, "बंडूले बोलाव."

बंडू हात पुसत आला. नागेशनं आधी उर्दू वाचलं, मग सावकाश मराठीत सांगितलं.

"पहिली ओळ बहमन महिन्याची. घड्याळ चोरल्याच्या संशयावरून बरतरफ, म्हणजे कामावरून काढलं. समासातली ओळ चार महिन्यांनंतरची, खुर्दादमधली. साहेबाचं मुंबईहून पत्र आलं. घड्याळ त्यांच्याच पेटीच्या अस्तरात सापडलं. साहेबांना अफसोस आहे. चंपत बेकसूर. कामावर परत घ्यावं. माणूस शहरात नाही, पत्ता नामालूम."

बंडूनं त्या ओळीवर बोट ठेवलं, अक्षर कळत नसतानाही.

"घर तर छावणीत होतं," तो म्हणाला. "आजी तिथंच होती. इथून दोन मैल. कोणी आलं नाही विचारायला."

नागेशनं कचेरीतल्या सवयीनं कोरा कागद घेतला. वर उर्दू उतरवलं, खाली मराठी, शेवटी पानाचा नंबर. हर्षदीपनं तो रंजीता मॅडमकडं नेला. मॅडम स्वतः बाहेर आल्या, बंडूला म्हणाल्या, "तुम्ही कधी बोलला नाहीत," आणि कागदावर हॉटेलचा शिक्का मारून सही केली.

"हे कोणाले वाचून दाखवाचं हाय का?" विठाबाईनं विचारलं.

"आत्या आहे. आजोबांची धाकटी मुलगी. सोजरबाई. चौऱ्यांशी वर्षांची."

संध्याकाळी बंडू, नागेश आणि विठाबाई रिक्षानं छावणीत गेले. सोजरबाई दारात लसूण सोलत बसली होती. नागेशनं कागद वाचला. ती ऐकत राहिली, सोलणं थांबलं नाही. संपल्यावर म्हणाली, "परत वाचा."

त्यानं परत वाचलं.

"अफसोस आहे म्हणतो?"

"हो. तसंच लिहिलंय."

"बरं." तिनं लसणाची परडी बाजूला सरकवली. "मी पोटात होते तेव्हा बाप जालन्याला गेला. महिन्याकाठी यायचा, तोही स्टेशनच्या रस्त्यानं नाही, लांबून. आईपण त्या रस्त्यानं गेली नाही. मीपण नाही." मग पदरानं डोळे पुसून ती विठाबाईकडं वळली. "तुम्ही उतरलात ते हॉटेल कसं आहे आतून?"

"मोठं हाय," विठाबाई म्हणाली. "पण टोस्ट लय कडक. उद्या या ना. पाहून घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी बंडूनं आत्याला रिक्षातून आणलं. पायरीशी ती थांबली. विठाबाईनं तिचा हात धरला आणि दोघी सावकाश जेवणघरात आल्या. रंजीता मॅडमनी खिडकीजवळचं टेबल राखून ठेवलं होतं. बंडूलाही बसा म्हणाल्या, पण तो बसला नाही. ड्यूटी आहे, म्हणाला. त्यानं आत्यापुढं बशी ठेवली, चहा ओतला, एक पाऊल मागं सरकून उभा राहिला. सोजरबाईनं टोस्ट चहात बुडवला. टेबलांमधल्या मोकळ्या वाटेकडं ती बराच वेळ पाहत होती.

"इथूनच फिरत असेल," ती म्हणाली.

नागेश आणि विठाबाईची परतीची गाडी त्याच दुपारी होती. खोलीत सामान बांधून झालं होतं. चहा संपल्यावर सोजरबाईनं नागेशला विचारलं, "त्या पुस्तकात आणखी माणसं असतील ना?"

"एकशे चाळीसेक आहेत."

"मग त्यांच्या लेकरांना कोण सांगणार?"

नागेशनं मॅडमकडं पाहिलं. मॅडम उठून आत गेल्या आणि रजिस्टर घेऊन आल्या.

विठाबाईनं पिशवीतून नवऱ्याचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. "जावयाले सांगते," ती म्हणाली, "तिकीट पुढच्या आठवड्याचं करा म्हणून."