सोडलेली गाडी

छप्पन सालच्या जानेवारीत, हरताळाच्या तिसऱ्या दिवशी, परळहून दादरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एकही ट्राम नव्हती. रुळांवर दगड, दोन फुटकी पिंपं आणि एक मोडकं बाकडं टाकून रस्ता अडवला होता. तिथं सातआठ जणांत कमलाकांत तळपदे उभा होता. वय सव्वीस, विमा कंपनीत कारकून. अक्षर चांगलं म्हणून खडू त्याच्या हातात. येणाऱ्या गाडीवर ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ लिहायचं आणि मगच वाट द्यायची, असं ठरलं होतं. सकाळपासून चार गाड्या आल्या, त्यातल्या दोन डॉक्टरांच्या.

साडेतीनच्या सुमारास रमाकांत कर्णिक सायकलवरून आला. तो कमलाकांतच्याच चाळीतला, शेजारच्या खोलीतला. परळच्या एका इस्पितळात तो क्ष-किरणाचे फोटो काढायचा आणि हरताळाच्या तिन्ही दिवशी कामावर गेला होता. बाकड्यापाशी उतरून त्यानं सायकल उचलून पलीकडे ठेवली.

“रमाकांतदादा, आज तरी मधून चालवा,” वीरेंद्र म्हणाला. हाही त्याच चाळीतला. “अख्खा रस्ता आपला आहे.”

“कडेनं बरं रे. मधून चालवणारे सगळे आमच्याकडे येतात फोटो काढायला.”

त्याच्या सायकल चालवण्याची चाळीत थट्टा व्हायची. चाळीच्या फाटकात वळतानासुद्धा तो हात बाहेर काढायचा. मागं मांजर असेल तर तिला कळावं म्हणून, असं वीरेंद्र म्हणे.

रमाकांत शंभरेक पावलं गेला आणि त्याची साखळी निसटली. तो उतरून कडेला बसून ती चढवू लागला. तेवढ्यात परळच्या बाजूनं एक मोठी काळी गाडी आली. ट्रामच्या रुळावरून या बाजूला, मग त्या बाजूला, अशी ती आली आणि पिंपाला जवळजवळ टेकून थांबली. आत एकटाच माणूस, पन्नाशीचा, सोनेरी काड्यांचा चष्मा, अंगात भारी कोट. त्यानं काच खाली केली आणि वास बाहेर आला. मुंबईत दारूबंदी होती. तो वास ओळखायला कुणालाच वेळ लागला नाही.

“औषध आहे,” तो माणूस म्हणाला. “डॉक्टरनं लिहून दिलेलं. परमिट दाखवू?”

“परमिट राहू द्या काका, घोषणा द्या,” वीरेंद्र म्हणाला.

माणसानं दार उघडलं, एक पाय रस्त्यावर ठेवला, मूठ वर केली आणि “झालाच पाहिजे” असं तीनदा ओरडला. तिसऱ्यांदा त्याची जीभ अडखळली, तोल गेला आणि तो सीटवर बसला. सगळे हसले. कमलाकांतही हसला. श्रीमंत असून आपल्या बाजूचा, एवढंच त्याच्या मनात आलं. त्यानं गाडीच्या मागं जाऊन मोठ्या अक्षरांत लिहिलं. खाली नंबराची पाटी होती, बीएमएक्स ३७१८. मग त्यानंच पिंप ओढून बाजूला घेतलं, आणि गाडी पुढं निघाली तसे मागच्या पत्र्यावर दोन हलके हात मारले.

रमाकांतची साखळी तोवर चढली होती. तो हात झटकून सायकलवर बसला. पुढच्या गल्लीशी त्याला उजवीकडे वळायचं होतं. त्यानं मान वळवून मागं पाहिलं. गाडी अजून लांब होती. सरळ आली असती तर त्याच्या डावीकडून सहज निघून गेली असती. त्यानं उजवा हात खांद्याच्या रेषेत बाहेर काढला आणि तो वळू लागला. गाडीही उजवीकडे सरकली.

भरलेलं कपाट पालथं पडावं तसा आवाज आला.

मागचे तांबडे दिवे लागले. गाडी थांबली होती. कमलाकांतला स्वतःचं अक्षर तिथून वाचता येत होतं. उतरेल आता, असं त्याला वाटलं. दिवे विझले आणि गाडी दादरच्या दिशेनं निघून गेली.

कमलाकांतच्या हातात खडू तसाच होता. दोन पावलं तो पुढं गेला असेल, तोच परळकडून पोलिसांची लॉरी आली आणि अश्रुधुराची नळकांडी पडू लागली. तो पळाला. एका गल्लीत डोळ्यांवर ओला रुमाल धरून बसला. पंधरा मिनिटांनी तो रस्त्यावर आला तेव्हा रमाकांतला लोकांनी उचलून नेलं होतं. उरलं होतं सायकलचं मागचं चाक, पापडासारखं चपटं झालेलं, आणि एक चप्पल. भोवतीच्या बायाबापड्यांना सगळं ठाऊक होतं. पोलिसांच्या लॉरीनं उडवलं. लॉरी तर सगळ्यांनीच पाहिली होती.

रमाकांत इस्पितळात पोहोचण्याआधीच गेला. तो ज्या इस्पितळात काम करायचा, तिथंच त्याला नेलं होतं.

तीन दिवसांनी संध्याकाळी चाळीच्या चौकात सभा भरायची होती. चाळीचे कारभारी अप्पा कोठारे यांनी फळी रंगवून आणली होती.

“हुतात्मा रमाकांत कर्णिक,” ते कमलाकांतला म्हणाले. “खाली तारीख. अक्षर तुझंच पाहिजे, बाबा. आणि संध्याकाळपर्यंत हवं.”

कमलाकांतनं कुंचला हातात घेतला आणि परत ठेवला. पाणी पिऊन येतो म्हणाला. जिन्यात वीरेंद्रनं त्याला गाठलं.

“तोंड का असं केलंयस?”

“लॉरी नव्हती वीरू. तूही पाहिलंयस.”

“पाहिलंय. मग? पोलीस रोज माणसं मारतायत. त्यात एक त्यांच्या नावावर गेला तर काय बिघडलं?”

“गाडीवाला घरी बसलाय.”

“बसू दे. तू काय चौकीवर जाणार? आज? ज्यांनी आपल्यावर गोळ्या घातल्या त्यांच्यापुढं उभा राहून सांगणार, साहेब, आम्ही रस्ता अडवला होता?” वीरेंद्रनं आवाज खाली आणला. “आणि वहिनींना काय सांगशील? आता निदान लोक पाया पडतायत त्यांच्या.”

कमलाकांतनं त्याला बाजूला सारलं. तो वर गेला.

रमाकांतची बायको कालिंदी खोलीत भिंतीला टेकून बसली होती. शेजारी तिची सासू रमाबाई झोपली होती.

“वहिनी, त्यांना लॉरीनं उडवलं नाही,” तो दारातूनच म्हणाला. पुढचं त्यानं एका दमात सांगितलं. काळी गाडी, घोषणा, पिंप, खडू.

कालिंदी सरळ बसली.

“प्यालेला होता?”

“होय.”

“तुम्हाला कळलं होतं?”

“वास येत होता. जीभही वळत नव्हती.”

“आणि मग?”

“घोषणा दिली त्यानं. आम्ही हसलो. वाट मी दिली.”

खाली चौकात अप्पा कुणाला तरी फुलं आणायला सांगत होते. कालिंदीनं पदर सारखा केला.

“त्यांनी हात दाखवला होता का?”

“दाखवला होता.”

ती उठली. सासूच्या अंगावर चादर ओढली, चपला घातल्या.

“चला. आणि वाटेत माझ्याशी बोलू नका, भाऊजी.”

दोघं चौकातून गेले तेव्हा अप्पांनी हाक मारली. कोरी फळी कठड्याला टेकून उभी होती. चौकीच्या रस्त्याला लागताच मागं कुजबुज सुरू झाली. वीरेंद्र फाटकापर्यंत आला आणि थांबला.

चौकीतल्या सब-इन्स्पेक्टरनं आधी बाईकडे, मग कमलाकांतकडे पाहिलं. सगळं ऐकून घेतलं.

“गाडी तुम्ही सोडलीत म्हणजे रस्ता तुम्हीच अडवला होता. आत टाकू शकतो मी तुम्हाला.”

“ठाऊक आहे. नंबर लिहून घ्या. बीएमएक्स ३७१८. मागच्या पत्र्यावर खडूनं लिहिलेलं असेल, पुसलं नसेल तर. अक्षर माझं आहे.”

“तीन दिवसांनी तो प्यालेला होता हे कोण सिद्ध करणार?”

“मी सांगीन. वास मला आला होता, आणि पिंप मी काढलं.”

सब-इन्स्पेक्टरनं कागद पुढं ओढला आणि लिहू लागला. अशा जबान्या त्यानं पुष्कळ लिहिल्या असाव्यात. शब्द आपोआप येत होते. लिहिता लिहिता तो ते पुटपुटत होता. “सायकलस्वार अचानक उजवीकडे वळल्यामुळे...”

“ते खोडा,” कालिंदी म्हणाली.

त्यानं मान वर केली.

“अचानक नाही. हात दाखवला होता त्यांनी.”

“बाई, तुम्ही तिथं नव्हता.”

कालिंदीची नजर कागदावरच होती. तिनं कमलाकांतकडे पाहिलंही नाही.

“दाखवला होता,” कमलाकांत म्हणाला. “मी बघत होतो.”

सब-इन्स्पेक्टरनं लेखणी दौतीत बुडवली. मग त्यानं ती ओळ खोडली.