माथ्यावरची शांतता

सुभाषचा सगळा जन्म भिवंडीत लूमच्या खडखडाटात गेला होता, त्यामुळे घरीदारी तो ओरडूनच बोलायचा. त्याच्या कानांना जरा आराम मिळावा म्हणून त्याचा मेव्हणा विशाल रविवारी त्याला आपल्या ग्रुपसोबत डोंगरावर ट्रेकला घेऊन गेला.

माथ्यावर पोचताच विशालने सगळ्यांना डोळे मिटून शांतता ऐकायला बसवलं. सुभाषही बसला, पण त्याचा जीव थाऱ्यावर राहीना. कारखान्यात एकदम असं शांत झालं की त्याचा एकच अर्थ असायचा. सवयीने तो ताडकन उठला आणि ओरडला, "लाईट गेली रे."

समोरच्या डोंगरावरून आवाज घुमून परत आला, "लाईट गेली रे."

"समोरच्यांचीपण गेलीय," असं विशालला सांगून सुभाष पहिल्यांदाच निवांत बसला.