तळवलीच्या वाघाला आवतान

व्हिडिओत माझी निशिगंधा मांडवात धवला गाते आहे. तिच्या आवाजावर कुणीतरी गाढवाचं ओरडणं चिकटवलं आहे. टाकणाऱ्याचं नाव 'तळवलीचा वाघ'; तळवली म्हणजे आमचंच गाव. चेहऱ्याच्या जागी वाघ.

खाली:

— फिनेल आणा रे, कान धुवायचेत
— आयटीत नोकरी नि मांडवात रडगाणं
— हिला ऐकून नवरा पळेल

धवला म्हणजे आमच्या आगऱ्यांच्या लग्नातलं गाणं. गाणारी ती धवलारीण. मी, सरस्वती, उभा जन्म गायले. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं, आता नुसती कुजबुज येते. म्हणून निशिगंधा.

व्हिडिओ तिच्या महाप्याच्या ऑफिसात पोचला. जेवणाच्या सुट्टीत कुणी गाढवासारखं ओरडलं. ती घरी आली आणि

नाही, आधी जेवली. मग म्हणाली.

"आये, मी हितेशदादाच्या हळदीला नाय गानार."

"मंग कोन गानार?"

"डीजे लावा."

"देव येतील डीजेला?"

"नाचतील की."

हळद. हितेश, माझा पुतण्या, पाटावर. धवलारीण गायल्याशिवाय पहिली हळद लागत नाही. बायका वाटी धरून थांबलेल्या.

"सरस्वते, पोर कुठं हाय?" शेवंताबाई म्हणाल्या. "नवरा वाळला पाटावर."

मी उभी राहिले. तोंड उघडलं. हवा.

मागून आवाज.

गणपतीला आवतान. गावदेवीला आवतान. खाडीला. मेलेल्या आजा-पणज्यांना. रुसलेल्या भावकीलाही, कारण धवल्यात कुणाला वगळायचं नसतं. माझी निशिगंधा, ऑफिसच्याच कपड्यांत. तिने मोबाईल काढला. चाल तीच ठेवली.

फिनेलवाल्या दादा, तुला आवतान गो
नवरा पळवनाऱ्या ताई, तुला आवतान गो
तळवलीच्या वाघा, तुला आवतान गो
गाढव घेऊन ये, त्यालाबी पाट मांडलाय गो

मांडव हसून हसून लोळला. पण आवतान ते आवतान. नाव घेतलं की पुढे येऊन हळद लावायची.

"वाघ कंचा रं?" शेवंताबाईंनी वाटी पुढे केली. "ये की!"

कुणी हललं नाही. फक्त रूपेशचा, माझ्या नणंदेच्या मुलाचा, शूटिंग करणारा हात खाली आला. आधी त्याच्या आईने पाहिलं. मग शेजारणीने. मग सगळ्यांनी.

तो आला. हळद लावली.

"हलू रं वाघा," हितेश म्हणाला, "नख लागंल."

निशिगंधाने वळूनही पाहिलं नाही. गाणं पुढच्या कडव्यात गेलं होतं. बायका ओळी उचलत होत्या, आणि तिचा आवाज त्या सगळ्यांच्या वरून जात होता, मांडवाबाहेर, ठाणे-बेलापूर रस्त्यापर्यंत. माझा आवाज तिथवर कधी गेला नव्हता.

कामोठ्याच्या अरुणा वहिनी माझ्याजवळ सरकल्या. "आमच्या राजनंदिनीचं लगीन हाय. हिला पाठवाल?"

"मला काय इचारता?" मी म्हटलं. "धवलारीण ती हाय."