झेलम तरून गेलेली कढई

मी लंगरची एक जुनी कढई आहे, मित्रांनो. लोखंडाची. दोघांनी मिळून उचलावी एवढी.

जन्म गुजरांवाल्याचा. तीन दिवस भट्टी, तीन दिवस घण.

तेव्हा आमच्या शीख माणसांचं राज्य नव्हतं. घोडे होते. बैलगाडीवर पालथी पडून मी टापा ऐकत जाई.

मग एका सकाळी लाहोरचे दरवाजे आमच्या महाराजांसाठी उघडले.

पुढचं सलग आठवत नाही. पाणी आठवतं. रावीचं गोड. अटकेचं गार. मुलतान, काश्मीर, पेशावर, जिथे राज्य पोहोचलं तिथल्या पाण्यात मी डाळ शिजवली. पंगतीत कुणाची जात विचारली नाही.

महाराज गेले. दहा वर्षांत राज्य धुरासारखं विरलं.

झेलमचा काठ. हरलेली फौज पार झालेली, होड्या पलीकडे. अलीकडे तिघेच: मी, लंगर सांभाळणारी खेम कौर, आणि मांडीत गोळी लागलेला तोफची दयाल सिंग. मागून इंग्रजांचे घोडेस्वार.

खेम कौरने मला पाण्यात लोटलं. मी तरंगले. मलाच ठाऊक नव्हतं.

"बस आत."

"मासी, लंगरच्या कढईत पाय ठेवू? त्यापेक्षा मरतो इथेच."

"मेलास तर जड होशील. अजून हलका आहेस, बस."

"पाय चिखलाचे आहेत."

"मग धुऊ की."

टापा जवळ येत होत्या. ती गुडघाभर पाण्यात बसली. त्याचे पाय धुतले. ओढणीने पुसले, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. घाई एकट्या मलाच होती.

तो बसला. माझी कडी धरून ती पोहत राहिली. खाली नदी, वर धुकं. मी कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं, कळेना.

पलीकडे तिने मला वाळूने घासलं, चणे उकडले.

"यातच?" दयाल सिंग म्हणाला.

"मग कशात? खा. पायांची चव लागली तर सांग."

तो हसला. मग रडला. मग दोनदा मागून खाल्लं.

राज्य बुडालं. तलवारींचे ढीग झाले. मला कुणी हत्यार समजलं नाही, म्हणून राहिले. दयाल सिंग म्हातारा होईपर्यंत लंगडत येई, मला घाशी.

आता गुरुद्वाऱ्याच्या मागच्या आवारात असते. पावसाचं पाणी साचतं, गंज चढतो. मित्रांनो, मला हार घालू नका. घासा, चुलीवर चढवा. आणि दाराशी कुणी आपल्या चिखलाच्या पायांकडे बघत थांबला असेल, तर तांब्याभर पाणी घेऊन तुम्हीच खाली बसा.