इंग्रजी डेस्कवरचा सूळ

मी सूळ बोलतोय. दचकू नका, माणसं चढवायचा नव्हे. वीतभर उंचीची लोखंडी सळई, वरचं टोक सुईसारखं आणि खाली शिशाची जड बैठक, एवढाच माझा देह. एका इंग्रजी वर्तमानपत्राच्या कचेरीत, मजकूर तपासणाऱ्यांच्या लांब टेबलावर मी बावीस वर्षं उभा होतो. जो मजकूर छापायच्या लायकीचा नाही, तो माझ्यावर टोचला जायचा. म्हणून त्या लोकांनी माझं नाव ठेवलं सूळ. नाव मला आवडायचं. माझा स्वभाव पहिल्यापासून टोचराच आहे, त्याला कोण काय करणार!

माझा जन्म त्याच इमारतीच्या तळघरातला. छपाईच्या यंत्राची एक सळई मोडली, ती तिथल्या मेकॅनिकने कानशीने घासली, टोक काढलं आणि जुने झिजलेले छपाईचे खिळे वितळवून त्यांच्या शिशात मला उभं केलं. टोक बरं झालंय का हे बघायला गाढवाने अंगठा लावला. पहिलं रक्त मला त्याचंच लागलं. 'आई गं!' म्हणाला आणि अंगठा चोखत मला वर घेऊन गेला.

वर माझा मालक बसायचा. मजकूर तपासणाऱ्यांचा मुख्य. सगळे त्याला पाठीमागे खाटीक म्हणायचे आणि त्याला ते ठाऊक होतं. हातात निळी पेन्सिल, तोंडात शिव्या. विशेषण दिसलं की म्हणायचा, 'चरबी! काढा.' आणि निळी रेघ अशी ओढायचा की कागद फाटायचा.

त्याची एक पद्धत होती. बातमी हातात आली की तो उभा राहायचा आणि मोठ्याने वाचायचा. जिथे दम लागेल तिथे वाक्य तोडायचा. जिथे स्वतःलाच जांभई येईल तिथला परिच्छेद उडवायचा. मग टेबलावर तीन थपडा. 'कोणी? काय केलं? कोणाला?' लिहिणारा समोर उभा. तिन्हींची उत्तरं पहिल्या ओळीत सापडली नाहीत, की कागद माझ्यावर. खच्च! तो आवाज झाला की सगळं टेबल गप्प व्हायचं. चांगली मिशा फुटलेली माणसं तिथे रडवेली झालेली मी पाहिली आहेत.

तसा तो खोटं बोलत नव्हता हं. तिथे लिहिणाऱ्या सगळ्यांची इंग्रजी ही शिकलेली भाषा. शिकलेल्या भाषेची माणसाला भीती वाटते. भीती वाटली की तो मोठमोठे शब्द अंगावर चढवतो, उन्हाळ्यात कोट घातल्यागत. खाटीक ओरडायचा, 'आपल्याला इंग्रजी येतं हे दाखवायला लिहू नका रे! काय झालं ते दाखवायला लिहा. क्रियापद चालतं-बोलतं हवं. नाम हातात धरता आलं पाहिजे. आणि वाक्याचा जड शब्द शेवटी ठेवा, म्हणजे तो लागतो.' हे सगळं खरं होतं. अजूनही खरं आहे. मी टोचरा असलो तरी अक्कलशून्य नाही.

मग एक दिवस नवी आली. तिला सगळे नवीच म्हणत. चोवीस-पंचवीसची पोरगी, खांद्याला पिशवी, आणि लिहिण्याची हौस इतकी की एका वाक्यात तीन उपमा. पहिल्या महिन्यात तिचे एकतीस कागद माझ्या अंगावर चढले. एकदाही रडली नाही. टोचलेला कागद अलगद काढायची, मधलं भोक बोटाने दाबायची आणि पुन्हा टाइप करायला बसायची. खाटकाला तो हट्ट आवडला होता. मलाही.

शहराबाहेर एक रंगाचा कारखाना होता. तिथला एक कामगार मेला. पोलिसांच्या वहीत आलं, शिडीवरून पडला. नवी तिथे गेली, चार दिवस हिंडली आणि खरी गोष्ट घेऊन आली. त्या कामगाराने तोंडाला बांधायला मास्क मागितले होते, स्वतःसाठी आणि बाकीच्यांसाठी. मुकादमाने त्याला फाटकापाशी नेऊन लोखंडी पाइपने ठार मारलं होतं. पाहणारा एकच माणूस. फाटकासमोर सायकली दुरुस्त करणारा.

'सर, तो बोललाय,' नवी म्हणाली. 'पण म्हणाला, पोरी, माझं नाव घालू नकोस. मला इथेच दुकान मांडायचंय.'

'मग नको घालू,' खाटीक म्हणाला. 'लिही.'

तिने लिहिलं. इंग्रजीतलं ते वाक्य आपल्या भाषेत सांगायचं तर असं: एका दुर्दैवी घटनेत एका कामगारास प्राणांस मुकावे लागल्याचे एका प्रत्यक्षदर्शीकडून समजते.

थप्पड. 'कोणी मारलं?' थप्पड. 'कशाने?' थप्पड. 'आणि हा प्रत्यक्षदर्शी कोण? भूत आहे का? हात-पाय नाहीत त्याला?' खच्च!

दुसरा कागद. खच्च. तिसरा. खच्च. पाचव्या कागदाला खाटीक वाचता वाचता सावकाश झाला. 'मुकादमाने पाइप उचलला. पहिला फटका गुडघ्यावर बसला. कामगार खाली कोसळला. दुसरा डोक्यावर बसला. तिसऱ्याची गरज नव्हती. मुकादमाने त्याला ठार मारलं.' टेबलावरच्या सगळ्यांनी हातातलं काम थांबवलं.

'हे!' खाटीक म्हणाला. 'याला लिहिणं म्हणतात. पण पोरी, तो पाहणारा अजून धुक्यातच आहे. एक इसम, एक इसम काय लावलंयस? वाचणाऱ्याला तो दिसल्याशिवाय विश्वास कसा बसेल?'

'नाव नको म्हणालाय ना, सर.'

'नाव कोण मागतंय? माणूस दाखव. काय करत होता तेव्हा? हात कसे आहेत त्याचे?'

नवी पुन्हा बसली. अर्ध्या तासाने तिने जे आणलं ते मी अजून विसरलो नाही. डाव्या हाताची दोन बोटं नसलेला तो माणूस पंक्चर शोधायला ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबून बुडबुडे मोजत होता. सातव्या बुडबुड्याला त्याने हाड मोडल्याचा आवाज ऐकला आणि मान वर केली.

खाटकाने ते दोनदा वाचलं. मग त्याने निळी पेन्सिल खाली ठेवली. इतक्या वर्षांत मी त्याला ती तशी ठेवताना पाहिलं नव्हतं. 'जाऊ दे छापायला,' म्हणाला. लोकांनी टेबलं बडवली. कुणीतरी नवीची पाठ थोपटली. ती लाजली, हसली. मीही खूश होतो, खोटं कशाला बोलू? त्या टेबलाला शहाण्यांची कमी नव्हती. बुडबुडे सगळ्यांनी मोजले, पण त्या रस्त्यावर दोन बोटं नसलेले सायकलवाले किती आहेत, हे एकालाही सुचलं नाही.

बातमी छापून आली. दुसऱ्या दिवशी दुपारी नवी कचेरीत आली तेव्हा तिच्या कुर्त्याच्या बाहीवर रक्त होतं. तिचं नव्हतं. ती सरळ खाटकासमोर येऊन उभी राहिली.

'सकाळी दोघं आले,' ती म्हणाली. 'हातात आपला पेपर. त्यांनी सायकलवाल्या काकांना उठवलं, दुकानातला लोखंडी शिकंजा असतो ना, नळी आवळून धरायचा, त्यात त्यांचा डावा हात घातला. दांडा फिरवत गेले. एकाने पेपर वाचून दाखवला आणि म्हणाला, मोज आता. सातपर्यंत मोज. काका ओरडत होते. मग उजवा हात घातला.'

तिने रक्ताची बाही दुमडली.

'मी दवाखान्यात गेले. त्यांची बायको दारात बसली होती. मला म्हणाली, छान लिहिलंयस हो, बाई. सगळ्यांनी ओळखलं.'

खाटीक उठायला गेला. 'पोरी, आपण नाव तर...'

'नाव! नाव कशाला हवं होतं त्यांना? बोटं दिली होती ना आपण!' तिने फायलीतून तो कागद ओढून काढला, शेवटचा, ज्यावर निळी रेघ नव्हती. 'तुम्ही मागितलंत. आणि मी दिलं. मला टाळ्या हव्या होत्या. हा का नाही टोचलात? एवढे टोचलेत ना माझे? हाच का नाही?'

तिने कागद दोन्ही हातांनी वर उचलला आणि माझ्यावर आपटला. खाटकाने तो धरायला हात मध्ये घातला. तिला थांबता आलं नाही, किंवा ती थांबली नाही. ते मला आजही सांगता येणार नाही.

मी त्याच्या तळहातातून आरपार गेलो.

आधी कागद, मग कातडं, मग दोन हाडांच्या मधली जागा. माणसाचा हात आतून ऊन असतो, हे मला तेव्हा कळलं. खाटीक ओरडला नाही. नुसता उभा राहिला, टेबलाला खिळलेला, आणि टाइप केलेल्या ओळींवर रक्त पसरत गेलं. आयुष्यभर मी मिरवलं की मी टोचतो, मी टोचतो. लाज वाटली मला, त्या दिवशी पहिल्यांदा. मान खाली घालायची म्हटली तर मला मान वाकवता येत नाही.

नवी दोन पावलं मागे सरली. शेवटी खाटीकच म्हणाला, 'बैठक घट्ट धर. मी हात वर उचलतो.' तिने धरली. त्याने उचलला. मग ती खाली बसून ढसाढसा रडली, आणि तो जखमेवर रुमाल दाबून तिच्या शेजारी जमिनीवरच बसून राहिला.

त्यानंतर नऊ दिवस डेस्कवर खच्च आवाज झाला नाही. कारखान्याचा वकील सगळीकडे सांगत सुटला की पाहणारा कुणी नाहीच, बातमी बनावट आहे. खाटीक रोज दवाखान्यात जायचा. सायकलवाल्याच्या बायकोने त्याला एकदाही आत सोडलं नाही. बरोबरच केलं तिने.

दहाव्या दिवशी सकाळी जिन्यावर पावलं वाजली. दार ढकललं ते त्या बायकोने, कारण नवऱ्याला हातच नव्हते ढकलायला. दोन्ही मनगटांपासून पुढे पांढरे बोळे. तो येऊन खाटकासमोरच्या खुर्चीत बसला. खाटकाच्याही हाताला पट्टी. दोघांनी एकमेकांच्या पट्ट्या बघितल्या.

'तुम्हाला काय झालं?' सायकलवाल्याने विचारलं.

'जे व्हायला हवं होतं ते,' खाटीक म्हणाला. 'माफ करा म्हणायला तोंड नाही मला.'

'नका म्हणू मग. लिहायला घ्या.' तो नवीकडे वळला. 'पोरी, आता नाव घाल माझं. घरचा पत्ता पण घाल.'

बायको म्हणाली, 'अहो, पुन्हा येतील ते.'

'येऊ देत. माझ्याकडे आवळायला आता काय उरलंय? तेव्हा नाव नव्हतं म्हणून दोघं गुपचूप आले आणि गुपचूप गेले. आता सगळ्या गावाला माहीत असू दे, माझं काही झालं तर कोणी केलं ते.'

नवी लिहायला बसली. खाटकाने तिच्याकडून कागद मागितला नाही. 'मला नको दाखवू,' म्हणाला. 'त्यांना वाचून दाखव. त्यांच्या भाषेत. एकेक ओळ.'

असं त्या टेबलावर कधी झालं नव्हतं. ज्याच्याबद्दल लिहिलंय तोच समोर बसून ऐकतोय! नवी इंग्रजी ओळ वाचायची, मग तिचा अर्थ सांगायची. तो डोळे मिटून ऐकायचा. एका ठिकाणी म्हणाला, 'मी ओरडलो असं लिहिलंयस. मी आईच्या नावाने ओरडलो. तसंच लिही.' दुसरीकडे बायको म्हणाली, 'आमच्या मुलीच्या शाळेचं काढ.' नवीने ते खोडलं. पुढे शिकंज्याचा दांडा आला तेव्हा तिने कागद खाली ठेवला. तो म्हणाला, 'वाच. मी सोसलंय, तुला वाचायला काय होतंय?' तिने वाचलं. शेवटी खाटकाने विचारलं, 'आणखी काही काढायचंय?'

'काढायचं नाही,' सायकलवाला म्हणाला. 'मुकादमाचं नाव एकदाच आलंय. दोनदा घाला.'

ते दोनदा छापलं गेलं. सायकलवाल्याने कोर्टात साक्ष दिली. सरकारी वकिलाने सांगितलं, आरोपी दाखवा, तेव्हा त्याने बोट नसलेला हात उचलला आणि दाखवला. मुकादम तुरुंगात गेला. सायकलवाल्याने पुन्हा कधी चाक फिरवलं नाही. बायको पंक्चर काढायला शिकली, तो शेजारी बसून तिला सांगायचा, असं धर, तसं आवळ.

आज मी नवीच्या कपाटात आहे. केस पिकलेत तिचे, तरी मी तिला नवीच म्हणतो. ती मुलांना इंग्रजी लिहायला शिकवते. चरबी काढा म्हणते, क्रियापद चालतं ठेवा म्हणते. आणि जिवंत माणसाबद्दल कुणी सुंदर वाक्य लिहून आणलं, की विचारते, 'त्याला वाचून दाखवलंस?' नाही म्हटलं की कागद परत देते. टोचत नाही.

माझ्या अंगावर मध्यावर एक तपकिरी पट्टा आहे. गंज आहे की रक्त, मलाही ठाऊक नाही. नवी, बाई गं, तुझ्या पाया पडतो, पडता आलं असतं तर. मला ठेवू नकोस. लोहाराकडे दे. छोटासा पाना होईल माझा, अगदी दहा नंबरचा का होईना. सायकलवाल्याच्या दुकानात नेऊन ठेव. त्याच्या बायकोचे हात अजून चालू आहेत.